टाचणीबाईंची खुर्चीखरेदी

टाचणीबाई ज्या ऑफिसात कामाला होत्या ते लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं होतं, आणि त्या ऑफिसातल्या खुर्च्या खाली जायच्या.

अगदी खरोखरच्या खाली. सकाळी माणूस टेबलाच्या उंचीला बसायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची हनुवटी कीबोर्डला टेकायची. खुर्च्यांच्या दांड्यांतला गॅस कधीच संपला होता. तक्रारींचे फोन घेणारी एक मुलगी होती, तिला सगळे फोनवालीच म्हणत. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या कुणाला तरी धीर देत असायची, "घाबरू नका हं काका, आमचा माणूस निघालाय," आणि हे म्हणता म्हणता स्वतः हळूहळू टेबलाखाली दिसेनाशी व्हायची. काका वर यायचे तेव्हा येतील, ही मात्र तळमजल्याला पोचलेली असायची.

टाचणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मेकॅनिक लोकांनी ठेवलेलं. कारण विचारलं तर ते सांगत, बाई टाचण्यासुद्धा मोजून देतात. दुसरं कारण ते बाईंच्या देखत सांगत नसत. बाईंना दोन्ही ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं.

ऑफिसला लागणारी हरेक वस्तू बाई आणत. कागद, पेनं, प्रिंटरची शाई, चिकटपट्टी, फायली, हात धुवायचा साबण. पूर्वी कोपऱ्यावर एक स्टेशनरीवाला होता, त्याला नुसती हाक मारली की सामान हजर. तो थकला, दुकानाला कुलूप घालून मुलीकडे राहायला गेला, आणि बाईंच्या नशिबी ऑनलाइन खरेदी आली. पहिल्याच फटक्यात त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. 'कागदाचे दहा रीम, निम्म्या किमतीत' असं वाचून त्यांनी मागवले, तर आलेलं खोकं साहेबांनी एका हाताने उचललं. रीम म्हणजे पाचशे कागद हे शेंबड्या पोरालाही माहीत. या विक्रेत्याच्या घरी रीम पन्नासाचा होता, आणि तसं त्याने पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, लिहूनही ठेवलं होतं. साहेब रागावले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला. आता त्या जाहिरात वरून खाली वाचतच नसत, खालून वर वाचत. आधी मुंगीची अक्षरं, मग चिडलेल्या गिऱ्हाइकांची मतं, मग घरपोच आणण्याचा खर्च, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, ते लाल रंगातलं 'महाबचत'. "स्तुती कुणीही करतो," त्या फोनवालीला सांगत, "माणूस चिडला की खरं बोलतो." खोडून दाखवलेल्या मूळ किमतीकडे त्या ढुंकूनही बघत नसत. ती किंमत म्हणजे बाईने सांगितलेलं वय आणि पुरुषाने सांगितलेली उंची, असं त्यांचं मत. ऐकायचं आणि सोडून द्यायचं. शाईची खोकी टोपलीत टाकून त्या दोन दिवस तिकडे फिरकतच नसत. मग दुकानालाच राहवत नसे. 'तुम्ही काहीतरी विसरलात!' असा लाडिक निरोप यायचा, सोबत थोडी सूट. "विसरले नाही, रुसले होते," असं पुटपुटत बाई पैसे भरत.

घरी मात्र बाईंचं काही चालत नसे. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला होते. आख्ख्या गल्लीला दिसायला लावणारा माणूस, पण जाहिरात समोर आली की त्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. टाळी वाजवली की लागणारा दिवा त्यांनी घेतला होता, तो शिंकेलाही लागायचा आणि दार आपटलं की विझायचा. तेरा सुऱ्यांचा संच घेतला होता, त्यातल्या एकीनेही आजवर टोमॅटो कापलेला नव्हता.

"अगं, फक्त दोनच उरलेत!" ते फोन नाचवत म्हणायचे.

"उरणारच. तुमच्यासारखे जगात दोघेच उरलेत."

यजमान हसायचे आणि घ्यायचे. भांडणाला उभं न राहणाऱ्या माणसाशी संसार करणं किती अवघड असतं हे बाईंनाच ठाऊक.

तर खुर्च्या. फोनवालीची कंबर धरली, हिशेबनिसाची मान अवघडली, शेवटी एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर साहेब स्वतःच बोलता बोलता फूटभर खाली गेले, तेव्हा कुठे नव्या खुर्च्या घ्यायचं ठरलं. आणि हे काम साहेबांनी दिलं आपल्या मेहुण्याला.

मेहुणे कंपनीला नव्या जमान्यात न्यायला आलेले होते. सकाळी आले की "काय अपडेट?" आणि जाताना "उद्या अपडेट द्या," म्हणून त्यांना मागे सगळे अपडेट म्हणत. बाईंच्या हातून खरेदी काढून घेतल्याचं अपडेटना फार बरं वाटत होतं, ते त्यांच्या चालण्यातही दिसत होतं.

"बाई, हे बघा," त्यांनी फोन बाईंच्या नाकासमोर धरला. "गोदाम रिकामं करतायत. नव्वद टक्के सूट. चौदा मिनिटं उरलीत फक्त."

फोटोत खुर्ची फक्कड होती. पाठीला जाळी, डोक्याला उशी, हात वरखाली होणारे.  बाईंनी आपल्या जागेवर जाऊन तेच पान मोठ्या पडद्यावर उघडलं, मग उठून चहा करून आणला, पिऊन कप विसळून ठेवला आणि परत येऊन बघितलं. चौदा मिनिटं जशीच्या तशी होती.

मग त्यांनी गिऱ्हाइकांची मतं वाचायला घेतली. पाच तारे, पाच तारे, पाच तारे. एकीने लिहिलं होतं, 'वास फारच छान, केस अगदी मऊ झाले.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'कोंडा गेला. घरच्यांनाही आवडली.' बाईंनी फोनवालीला हाक मारली. दोघी मिळून इतक्या हसल्या की फोनवाली वेळेआधीच खाली गेली. आधी त्या पानावर शांपू विकायला होता, आता फोटो बदलून खुर्ची आली होती, आणि शांपूची स्तुती खुर्चीच्या नावावर जमा झाली होती.

पण खरी गंमत नावातच होती. वस्तूचं नाव भलतंच लांब होतं. फोनवर त्याची शेपटी कापली जात होती, मोठ्या पडद्यावर मात्र ते पूर्ण दिसत होतं. 'ऑफिससाठी आरामदायी खुर्ची, पाठीला आधार, डोक्याला उशी, हात वरखाली, पाच मजबूत चाकं, अशा सर्व प्रकारच्या खुर्च्यांना बसेल असं कव्हर.'

बाई धावतच साहेबांच्या खोलीत गेल्या. अपडेट तिथेच बसले होते.

"साहेब, त्या खुर्च्या मागवू नका. त्या खुर्च्या नाहीतच."

"मागवल्या," अपडेट म्हणाले. "घड्याळ संपत होतं ना!"

"ते घड्याळ संपत नाही हो! मी चहा पिऊन आले तरी तिथेच आहे. खुर्च्या एवढ्या टिकल्या असत्या तर—"

"बाई, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची नसते," अपडेट म्हणाले, आणि साहेबांनी बायकोचा भाऊ म्हणून मान डोलावली.

खुर्च्या आल्या त्या एका पिशवीत. चौदा जांभळी, चकचकीत कव्हरं. ती परत पाठवायची तर खर्च आपला आणि पत्ता समुद्रापलीकडचा. साहेबांनी पैसे वाया जायला नकोत म्हणून ती जुन्याच खुर्च्यांना घालायला लावली. ऑफिस असं दिसायला लागलं की घरची माणसं दूरच्या प्रवासाला गेलीत आणि दिवाणखाना झाकून ठेवलाय. वर ते कापड इतकं गुळगुळीत, की लोक आता खाली जाता जाता पुढेही घसरायला लागले. अपडेट दोन दिवस 'बाहेर मीटिंग आहे' म्हणून आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंना बोलावलं. "बाई, तुम्हीच बघा आता."

एवढंच ऐकायला बाई टपल्या होत्या. पण गंमत बघा, काम हातात आलं आणि बाईंच्या हातालाच लकवा भरला. बघावं त्या जाहिरातीत त्यांना काहीतरी दिसायचंच. ही खुर्ची स्वस्त, म्हणजे चाकं वेगळी विकत घ्यावी लागणार. ती महाग, म्हणजे परवाच किंमत चढवून आज सूट देतायत. एका ठिकाणी सगळं बरोबर होतं, तर विक्रेत्याचं नाव नामांकित कंपनीसारखं होतं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. एका खुर्चीची चिडलेली मतंच सापडली नाहीत, तेव्हा बाई म्हणाल्या, "एकही माणूस चिडला नाही? असं आमच्या घरातसुद्धा होत नाही," आणि तीही गेली. आठवडे लोटले. साहेब विचारायचे, "सापडल्या का?" बाई म्हणायच्या, "तीन सापडल्या. तिन्ही लबाड निघाल्या."

शेवटी फोनवालीच एकदा म्हणाली, "बाई, तुमची खात्री पटेपर्यंत माझ्या कमरेची वाट लागणार."

बाईंना ते लागलं. खरी गोष्ट अशी होती की बाईंना भीती बसली होती. अपडेट फसले तर लोक हसले आणि विसरले. बाई फसल्या असत्या तर त्यांचं टाचणीपण गेलं असतं. मग उरलं काय, एक पन्नाशीची बाई, साबण आणणारी.

रविवारी सकाळी यजमान दाढी करता करता म्हणाले, "अगं, खुर्च्यांची एक जाहिरात आलीय." त्यांनी फोन आरशापाशी टेकवून ठेवला होता आणि फेसाचा एक ठिपका पडद्यावर होता. बाईंनी तो पुसून वाचलं. 'ऑफिस बंद केलं. चौदा खुर्च्या आहेत. चांगल्या आहेत. येऊन बघा.' खाली किंमत. सोबत एक अंधुक फोटो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.

"फसवणूक आहे," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"सूट नाही. घड्याळ नाही. 'आजच घ्या' नाही. इतकं कमी बोलणारा माणूस काहीतरी दडवत असतो."

"मी कमी बोलत नाही म्हणून तुला खपतो वाटतं," यजमान म्हणाले आणि अर्ध्या दाढीनेच त्यांनी फोन लावला. बाई हातवारे करून नको नको म्हणत राहिल्या. यजमान पलीकडच्या माणसाशी आधी खुर्च्यांबद्दल बोलले, मग हवेबद्दल, मग चष्म्याच्या नंबराबद्दल. फोन ठेवला तेव्हा फेस वाळून गालाला चिकटला होता.

"एक बाई आहेत. नकाशे काढायचं ऑफिस होतं त्यांचं. भल्या वाटल्या. पण ऑफिसचा पत्ता वाचून सांगताना दोनदा अडखळल्या, मोतीबिंदूची सुरुवात असणार. चल, आवर."

नकाशेवाल्या बाईंचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी होती. चिठ्ठीच्या वर एक स्टिकर होता. 'लिफ्ट अडली? एक फोन करा. तासाभरात माणूस हजर!' खाली टाचणीबाईंच्याच कंपनीचं नाव आणि फोनवालीचा नंबर. बाईंनी तो खालून वर वाचला आणि तशाच जिन्याला लागल्या. यजमान जिन्याच्या पहिल्या वळणावरच धापा टाकत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. बाईंनी ते त्यांना दाखवलंही नाही.

वर दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून उंच, पांढऱ्या आखूड केसांची एक बाई त्यांच्याकडे बघत होती.

"ओळखपत्रं दाखवा. दोघांचीही."

यजमानांनी खिसे चाचपायला सुरुवात केली. टाचणीबाई म्हणाल्या, "तुम्ही विकताय, आम्ही घेतोय. ओळखपत्र आम्ही मागायचं."

"मागच्या आठवड्यात एकाने न बघताच सगळ्या खुर्च्या घेतो म्हणून सांगितलं. पैसे पाठवल्याचा मेसेज आला. म्हणे चुकून जास्त गेले, वरचे परत करा. मी बँकेत जाऊन बघितलं, एक पैसा आलेला नव्हता. मीसुद्धा चार बुकं शिकलेय म्हटलं."

टाचणीबाईंनी मुकाट्याने ओळखपत्र काढलं. या बाईचं आणि आपलं जमणार किंवा डोकी फुटणार, दोन्हीपैकी एक नक्की, असं त्यांना वाटून गेलं.

आत लांबलचक खोली होती. तिरक्या पाट्यांची उंच टेबलं, भिंतीला एक प्रचंड कपाट, रुंद पण उथळ ड्रॉवरांचं, आणि कपाटाला लागून खुर्च्या. टाचणीबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या. दांडी वर केली, खाली केली, मागे रेलल्या आणि तशाच बसून राहिल्या.

"झोपताय का?" नकाशेवाल्या बाईंनी विचारलं.

"आमच्याकडच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली जातात. ही निदान चहापर्यंत तरी टिकते का बघतेय."

"चहा मिळणार नाही."

खुर्ची हलली नाही. दुसरीही नाही. एकेक करत टाचणीबाई सगळ्यांवर बसल्या, उलट्या करून चाकं फिरवली, शिवणी ओढून बघितल्या. त्यांना खोट हवी होती आणि ती मिळेना.

"किंमत एवढी कमी का लावलीत?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"कमी वाटते? मग जास्त द्या."

यजमान खो-खो हसले. टाचणीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की हसू अर्ध्यातच बसलं. मग त्यांनी पुन्हा खुर्च्या मोजल्या आणि त्यांचे डोळे चमकले. "जाहिरातीत चौदा लिहिल्यात. इथे तेराच आहेत."

नकाशेवाल्या बाईंनी पहिल्यांदाच नजर चुकवली. खिडकीपाशी एक खुर्ची एकटीच होती, बाकीच्यांसारखीच, फक्त तिच्या हातांवरचं कापड झिजून पांढुरकं झालेलं.

"ती माझ्या ताईची. आम्ही दोघींनी मिळून हे चालवलं. मी रस्ते काढायचे, ती नद्या आणि किनारे. गेल्या वर्षी गेली. जाहिरात लिहिली तेव्हा तीही विकायची ठरवली होती. परवा दारापर्यंत ओढत नेली, आणि परत आणून ठेवली. खोटी जाहिरात झाली, मान्य आहे. हवं तर घेऊ नका."

दुसऱ्या कुणी चौदाच्या तेरा केल्या असत्या तर टाचणीबाईंनी त्याची सात पिढ्यांपर्यंत तक्रार केली असती. आता त्या म्हणाल्या, "तेराच पुरतील. चौदावा माणूस तसाही कुणाला नकोय."

व्यवहार ठरला. यजमान टेम्पोवाल्याला फोन लावायला निघाले आणि नकाशेवाल्या बाई म्हणाल्या, "पण खाली नेणार कशा? लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. एक भामटी कंपनी आहे, तासाभरात येतो म्हणून स्टिकर लावून गेलीय. मी रोज फोन करते. मुलगी बोलते गोड, पण बोलता बोलता तिचा आवाज खोल खोल जातो, विहिरीतून आल्यासारखा."

"अगं!" यजमानांचा चेहरा उजळला. "ही तर तुमच्या ऑफिसातली फोनवाली!"

 यजमानांना आपण काय बोललो ते कळलं, आणि ते अंधुक डोळ्यांची तपासणी करावी तसे भिंतीवरचा नकाशा जवळून बघायला लागले.

"म्हणजे तुम्ही त्या लिफ्टवाल्या?" नकाशेवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी आपला फोन पुढे केला. टाचणीबाईंनी तो वाचला. 'आपली तक्रार सोडवली आहे. सेवा आवडली असल्यास पाच तारे द्या.' जितक्या वेळा तक्रार, तितक्या वेळा तोच मेसेज.

बाईंनी आजवर शेकड्यांनी लबाड जाहिराती पकडल्या होत्या. त्यातल्याच एकीवर आपलं पोट चालतं हे त्यांना आज कळलं. 

"खुर्च्या विकायच्या नाहीत. या तुम्ही."

टाचणीबाई उठल्या नाहीत. उलट जवळच्या खुर्चीवर नीट टेकून बसल्या. "जाते. पण आधी लिफ्ट."

त्यांनी हेड मेकॅनिकला फोन लावला. तो घरी नातवाला न्हाऊ घालत होता, मागून पाण्याचा आणि रडण्याचा आवाज येत होता.

"बाई, त्या पत्त्याची तक्रार तर मिटलेली दिसते माझ्याकडे."

"कुणी मिटवली?"

"आपोआप मिटते की. दोन दिवस झाले की मिटते. अपडेट साहेबांनी तसं लावून घेतलंय. वेबसाइटवर नव्व्याण्णव टक्के तक्रारी सोडवल्या असं झळकतंय ना. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुम्ही सगळं वाचता."

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलला, पण टोचायचं तिथे टोचलं. दुसऱ्यांच्या पानांवरच्या मुंग्या वेचणाऱ्या बाईंनी स्वतःच्या कंपनीचं पान कधी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

मेकॅनिक आला तो ओल्या बाह्यांनीच. दाराचं एक बटण जळलं होतं, तसलंच त्याच्या पिशवीत पडलेलं होतं. तीन आठवडे अडलेली लिफ्ट जेवायच्या आत चालू झाली, आणि त्यामुळेच नकाशेवाल्या बाई जास्त संतापल्या. "एवढंसं काम होतं?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मेकॅनिकने त्यांची माफी मागितली. टाचणीबाईंनीही मागितली, जरा अडखळत, कारण सवय नव्हती. मग नकाशेवाल्या बाई आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. "न्या त्या खुर्च्या," म्हणाल्या. चहा मिळणार नाही असं मघाशी कोण म्हणालं होतं हे कुणी काढलं नाही. यजमान खुर्च्या लिफ्टने खाली पोचवत होते, आणि मधल्या वेळेत नकाशेवाल्या बाईंना, हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का, विचारत होते. "डॉक्टरला दाखवा हं," ते म्हणाले. "आणि चष्मा आमच्याकडून घेऊ नका. मालक खोडलेली किंमत लावतो."

टाचणीबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. एवढी वर्षं या माणसाने हे सांगितलं नव्हतं.

सोमवारी खुर्च्या लागल्या. फोनवाली एकीवर बसली आणि दिवसभर एकाच उंचीवर राहिली. टाचणीबाई मात्र आपल्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. अपडेट तिथेच होते.

"साहेब, आपल्या वेबसाइटवर नव्व्याण्णव टक्के लिहिलंय ते खोटं आहे."

"बाई, ते मार्केटिंग असतं," अपडेट म्हणाले. "खोटं नाही. तक्रारी मिटतातच."

"मिटतात. लिफ्ट सुरू होत नाहीत. त्या कव्हरवाल्यानेही खोटं लिहिलं नव्हतं, साहेब. शेवटी कव्हर म्हणून लिहिलंच होतं की."

 कव्हरांचा विषय साहेबांना अजून दुखत होता. मग त्यांनी मेहुण्याला विचारलं, "अशा आपोआप मिटलेल्या तक्रारी किती आहेत?"

"बघून अपडेट देतो."

"बघू नका. फोन करा. एकेकाला, स्वतः."

अपडेट आठवडाभर फोन करत बसले. बसायला त्यांच्या वाट्याला उरलेली जुनी खुर्ची आली होती, त्यामुळे लोकांच्या शिव्या ते उतरत्या क्रमाने ऐकत गेले. दोन बाया त्यांना काय काय बोलल्या ते फोनवालीने चोरून ऐकलं आणि पाठ केलं. स्टिकरही बदलले. 'तासाभरात' काढून 'किती वेळ लागेल ते खरं सांगू' असं छापलं. एका इमारतीने एवढ्यावर कंत्राट मोडलं. तासाभरात येणारी दुसरी कंपनी मिळाली म्हणे. साहेब चार दिवस बाईंशी धड बोलले नाहीत. बाईंनीही त्यांना चार दिवस हवं ते पेन दिलं नाही.

नकाशेवाल्या बाईंचं सामान अजून उरलं होतं. त्यांनी एक दिवस फोन केला, म्हणाल्या, "जाहिरात नीट लिहिता येत नाही मला. लोक येतात, बघतात, जातात." टाचणीबाई रविवारी गेल्या. मोठ्या कपाटाची जाहिरात त्यांनी लिहायला घेतली आणि दोघींचं जुंपलं.

"'उत्तम स्थितीत' लिहा," नकाशेवाल्या म्हणाल्या.

"उत्तम नाहीय. खालून तिसऱ्या ड्रॉवरची मूठ ढिली आहे."

"ती कोण बघतंय?"

"मी बघितली."

शेवटी 'खालून तिसऱ्या ड्रॉवरची मूठ ढिली' असंच लिहून ती जाहिरात गेली. पुढच्या रविवारी एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. त्याला वाळवलेली पानं आणि फुलं जमवायचा नाद होता, आणि ती सपाट ठेवायला असंच कपाट तो किती दिवस शोधत होता. इकडचं तिकडचं काही न बघता तो वाकला आणि त्याने खालून तिसरा ड्रॉवर ओढला. मूठ त्याच्या हातात आली.

नकाशेवाल्या बाईंचा चेहरा पडला. 

ड्रायव्हरने मूठ उलटसुलट करून बघितली आणि मोठ्याने हसला. "लिहिलंय तसंच आहे," तो म्हणाला. "मग बाकीचंही तसंच असणार. न्यायला माणसं कधी आणू?"